रंगचक्र पाठ आहे, तरी चित्र मळकट का?

प्रश्न: वय ४६. यंत्रांची रेखाचित्रं करणारे हे ड्राफ्ट्समन दोन वर्षांपासून ॲक्रिलिक रंगांत चित्रं काढताहेत. रेखाटनात प्रमाण चुकत नाही, वस्तू नीट ओळखू येतात. पण रंग लागला की चित्र मळकट होतं. ३६ रंगांचा संच घेतला, रंगचक्र तीनदा स्वतः करून भिंतीवर लावलं, पूरक रंगांच्या, म्हणजे चक्रावर समोरासमोर येणाऱ्या रंगांच्या, जोड्या तोंडपाठ केल्या. रचनेसाठी तृतीयांशाचा नियमही (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून रेघा छेदतात तिथे वस्तू ठेवायची) पाळतात. निळी बरणी, पिवळा फडका आणि मागे तपकिरी भिंत असं एकच चित्र त्यांनी सात वेळा केलं. सातही वेळा बरणी ‘कापून चिकटवल्यासारखी’ दिसली. शिकवणाऱ्या एकांनी तर ‘रंगाची नजर उपजतच असावी लागते’ असं सांगून विषय संपवला. आता त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत : सहा महिने ब्रश बाजूला ठेवून आधी रंगशास्त्र आणि रचना पद्धतशीर शिकायची, नाहीतर रंगाचा नाद सोडून पेन्सिलीतच काम करायचं. ‘पाया कच्चा ठेवून मजले चढवण्यात अर्थ नाही,’ असं त्यांनी लिहिलं आहे.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. निळा, पिवळा, तपकिरी, नारिंगी, जांभळा अशा शब्दांखाली रेघा मारत गेले, तर पान भरून गेलं. मग ‘फिकट’, ‘गडद’, ‘उजळ’, ‘काळोख’ असे शब्द शोधले. एकही सापडला नाही. तुमच्या बरणीचं दुखणं तिथेच असावं असा माझा संशय आहे. चित्र न पाहता एवढं बोलायचं धाडस करते, कारण हे दुखणं फार सर्रास आढळतं आणि मी स्वतः ते तीन वर्षं काढलं आहे.

पण आधी तुमच्या पायाचं बघू. ड्राफ्ट्समनला पाया आधी आणि मजले नंतर हेच सुचणार, आणि इमारतीपुरतं ते बरोबरच आहे. रंगाच्या बाबतीत मात्र शास्त्रच मुळात अडलेल्या कामातून आलं. मिशेल शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काही काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत. त्याने रंग तपासला. रंगात खोट नव्हती. ते काळे धागे निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणले होते, म्हणून निस्तेज वाटत होते. दोष शेजाराचा होता. त्या एका तक्रारीच्या मागे लागून त्याने जो अभ्यास केला, त्याचा जाडजूड ग्रंथ १८३९ मध्ये निघाला आणि पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी तो वापरला. कारखान्याने धागे रंगवायचे थांबवून आधी सिद्धांत शिकायचं ठरवलं असतं, तर शेव्रलला शोधायला काही उरलंच नसतं.

म्हणून सहा महिने ब्रश ठेवून द्यायला माझा विरोध आहे. वाचन वाईट म्हणून नव्हे. रंगाबद्दल वाचलेलं वाक्य आपल्या पॅलेटवर एकदा घडून गेल्यावरच कळतं, त्याआधी ते नुसतं पाठ होतं. आणि पाठांतर तुमच्याकडे आधीच भरपूर झालेलं आहे.

आता भिंतीवरच्या त्या चक्राकडे जरा संशयाने बघा. प्रकाशाचा पट्टा सरळ असतो : एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात तो वाकवून दोन्ही टोकं जोडली आणि वर्तुळ केलं. त्यात रंगही सातच धरले, कारण संगीतातल्या सप्तकाशी त्याला मेळ घालायचा होता. तांबडा आणि जांभळा यांच्यामध्ये चक्रावर जो किरमिजी येतो, त्याला पट्ट्यात एक अशी स्वतःची जागाच नाही. चक्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. फार सोयीचं आहे. पण ती कोणीतरी सोयीसाठी काढलेली आकृती आहे, आणि त्या आकृतीत बरंच काही मावलेलं नाही.

काय मावलेलं नाही, ते तुमच्याच भाषेत सांगते. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ मध्ये रंगाची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक रंगाला तीन मापं आहेत. पहिलं रंगछटेचं, म्हणजे निळा की पिवळा. दुसरं उजळपणाचं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवर तो कुठल्या पायरीवर आहे. याला चित्रकार ‘टोन’ म्हणतात. तिसरं तीव्रतेचं, म्हणजे तो रंग किती झगझगीत किंवा किती राखाडीकडे झुकलेला आहे. भिंतीवरचं चक्र यातलं फक्त पहिलं माप दाखवतं. एखाद्या यंत्राचा नुसता प्लॅन (वरून दिसणारा आराखडा) हातात यावा, एलिव्हेशन (समोरून दिसणारा) नाही, सेक्शन (आतला छेद) नाही, आणि त्यावरून यंत्र उभं करायचं, तसं तुमचं झालं आहे. तुम्ही ऑफिसात असा कागद परत पाठवला असता.

आता बरणी. सातापैकी कुठल्याही चित्राचा फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. माझा अंदाज असा : बरणी आणि मागची भिंत जवळजवळ एकाच करड्या रंगाची होईल आणि फडका एकटाच पांढरा होऊन पुढे उडी मारेल. शिवाय बरणी डावीकडून उजवीकडे एकाच टोनमध्ये दिसेल, कारण ‘बरणी निळी’ हे तुम्हाला माहीत होतं आणि जे माहीत होतं तेच तुम्ही रंगवलंत. समोरची बरणी मात्र पूर्ण निळी नसते. उजेडाकडच्या कडेला ती जवळपास पांढरी असते, फडक्याजवळ तिच्या पोटात पिवळसर-हिरवट झाक चढलेली असते, आणि सावलीतला निळा इतका काळवंडलेला असतो की सुटा दाखवला तर त्याला निळा कोणी म्हणणार नाही.

हे डोळ्यांना दिसत असूनही आपल्याला दिसत नाही, कारण मेंदू हिशेब करून टाकतो. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातही पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो. जगण्यासाठी हे फार उपयोगाचं आहे. चित्र काढताना तेवढंच आडवं येतं. यावर एक उपाय आहे. राखाडी पुठ्ठ्याच्या तुकड्याला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. एक डोळा मिटून त्या भोकातून बरणीच्या सावलीकडे बघा, मग उजेडाकडच्या कडेकडे, मग भिंतीकडे. भोकात दिसतो तो नुसता रंगाचा ठिपका. तो बरणीचा आहे हे मेंदूला कळत नाही, म्हणून तो लुडबुड करत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी पुठ्ठा बाजूला करून चारदा खात्री केली होती. ज्या भिंतीला मी पांढरी म्हणत होते, तिचा कोपरा चक्क मातकट जांभळा होता.

माझी ती तीन वर्षं कशात गेली तेही सांगते. सावली म्हणजे मूळ रंगात काळा, असं मी धरून चालले होते. पिवळ्यात काळा घातला की पिवळा गडद होत नाही, शेवाळी हिरवा होतो. माझ्या प्रत्येक पिवळ्या कापडावर बुरशी आल्यासारखं दिसायचं आणि मी रंगाच्या कंपनीला दोष द्यायचे. तुमच्या फडक्याच्या घड्यांत शेवाळं आलं आहे का, बघा. आलं असेल तर काळ्याऐवजी थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अगदी किंचित जांभळट रंग घालून पाहा. पिवळा हा मुळातच शिडीच्या वरच्या पायरीवर राहणारा रंग आहे. भर तीव्रतेत तो उजळच असतो. निळा-जांभळा भर तीव्रतेत खालच्या पायऱ्यांवर असतो. त्यामुळे पिवळ्याला खाली उतरवायचं तर त्याची झळाळी जाणारच. ती वाचवायच्या नादात लोक सावलीही उजळ ठेवतात आणि मग फडका सपाट होतो.

आता मळकटपणा. याची निम्मी जबाबदारी तुमच्या ३६ ट्यूबांवर आहे. रंगद्रव्य म्हणजे प्रकाशाचा काही भाग गिळणारी पूड. एक पूड एक भाग गिळते, दुसरी दुसरा. जितक्या पुडी एकत्र, तितका परत येणारा प्रकाश कमी आणि तितका रंग मेलेला. मोठ्या संचांत बऱ्याच ट्यूबांत आधीच दोन-तीन रंगद्रव्यं मिसळलेली असतात. तुम्ही ‘दोनच रंग मिसळले’ म्हणता तेव्हा प्रत्यक्षात पाच मिसळलेले असू शकतात. ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो : अल्ट्रामरीन निळ्याचा पीबी २९, टायटॅनियम पांढऱ्याचा पीडब्ल्यू ६, असा. ज्या ट्यूबवर असा एकच क्रमांक आहे, ती ठेवा. तीन क्रमांक असलेली ट्यूब खणात टाका.

‘निळा अधिक तांबडा बरोबर जांभळा’ हे शाळेतलं समीकरणही याच कारणाने फसतं. तांबडा नारिंगीकडे झुकलेला असेल, उदाहरणार्थ कॅडमियम रेड, तर अल्ट्रामरीनबरोबर त्याचा स्वच्छ जांभळा होतच नाही, विटकरी-मरून होतो. त्या तांबड्यात लपलेला पिवळा निळ्याचा घास घेतो. जांभळा हवा तर किरमिजीकडे झुकणारा लाल लागतो. छापखान्याची शाई सायन, मॅजेंटा, पिवळा अशी असते, तांबडा-निळा-पिवळा अशी नसते, तेही याचसाठी. तेव्हा ट्यूबवरच्या नावावर जाऊ नका. तो रंग कुणीकडे कललेला आहे ते बघा.

पण ‘मळकट’ या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. चांगल्या चित्राचा बहुतेक भाग राखाडीच असतो : निळसर राखाडी, तांबूस राखाडी, हिरवट राखाडी. त्यांच्या जिवावर एखादा चमचाभर शुद्ध रंग झळकतो. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न याने कित्येक चित्रं यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांत उभी केल्याचं सांगितलं जातं. त्यात निळा नाहीच. काळ्यात पांढरा मिसळला की जो थंड राखाडी होतो, तो तांबूस कातडीशेजारी निळा भासतो. तोच राखाडी निळ्या बरणीशेजारी ठेवला तर मातकट दिसेल. म्हणजे मळकट असा कुठला रंगच नसतो. बरोबर रंग चुकीच्या शेजारी बसला, की आपण त्याला मळकट म्हणतो.

तुमच्या पत्रावर मला सगळ्यात महत्त्वाचं जे सांगायचं आहे, ते हेच आहे. रंग एकट्याने ठरत नाही. जोसेफ आल्बर्स हा चित्रकार आयुष्यभर हेच शिकवत राहिला आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना ब्रशऐवजी बहुतेक वेळा रंगीत कागद द्यायचा. त्याचा एक सराव असा : एकाच कागदाचे दोन छोटे चौकोन कापायचे आणि ते अशा दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवायचे, की बघणाऱ्याला ते दोन वेगळे रंग वाटावेत. ऐकायला सोपं वाटतं. जुन्या मासिकांची पानं कापून एक संध्याकाळ बसा आणि करून बघा. जमलं की अंगावर काटा येतो. या एका संध्याकाळीत तुम्हाला जे कळेल, ते तीन रंगचक्रांनी कळलेलं नाही, कारण चक्रावर प्रत्येक रंगाचे शेजारी कायमचे ठरलेले असतात.

आता रचना. इथे तुम्ही नियम पाळताय आणि तरी चित्र मुकं राहतंय. तृतीयांशाच्या नियमाचं नाव १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या पुस्तकात येतं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की चित्राचे दोन सारखे भाग करू नका. जमीन-आकाश असो वा उजेड-अंधार, एकाला मोठा वाटा द्या आणि दुसऱ्याला लहान. आज आपण त्याची चार छेदबिंदूंची जाळी केली आहे आणि वस्तू त्या बिंदूंवर नेऊन ठेवतो. बिंदू सांभाळला जातो, वाटणी राहून जाते. तुमच्या चित्रात बरणी बिंदूवर असेलही. पण मला विचारायचं आहे की सगळ्यात जास्त जागा कोणाला मिळाली आहे, उजेडाला, मध्यम टोनला की काळोखाला? तिघांनाही साधारण सारखी मिळाली असेल तर चित्र कुठलीच बाजू घेत नाही.

यासाठी एक जुना सराव आहे आणि तुम्हाला तो आवडेल, कारण त्यात रंगच नाही. जपानी चित्रकलेत काळ्या-पांढऱ्याच्या या वाटणीला ‘नोतान’ म्हणतात. आर्थर वेस्ली डाऊ या अमेरिकन शिक्षकाने १८९९ च्या आपल्या पुस्तकातून तो शब्द रुजवला. काडेपेटीएवढे सहा चौकोन काढा. बरणी-फडका-भिंत यांचं चित्र प्रत्येक चौकोनात फक्त दोन टोनमध्ये करा : काळा आणि पांढरा, बस. डोळे बारीक करून बघा आणि मधलं जे काही आहे, त्याने कुठल्या तरी एका बाजूला जायचं. एका चौकोनाला दोन मिनिटं. पहिला चौकोन तुम्ही सात वेळा केलेल्या चित्रासारखाच येईल, दुसराही. चौथ्या-पाचव्याला कंटाळून तुम्ही काहीतरी वेगळं कराल. बरणी अर्धी चौकटीबाहेर जाईल, किंवा फडक्याची पांढरी जागा कडेपर्यंत धावेल. तिथून रचना सुरू होते. मग तीन टोनमध्ये करा. रंग त्यानंतर.

ड्राफ्टिंगची एक सवय इथे तुमच्या आड येते, म्हणून बोलून टाकते. कामाच्या रेखाचित्रात प्रत्येक कड तितकीच स्पष्ट हवी, नाहीतर यंत्र बिघडतं. चित्रात प्रत्येक कड तितकीच स्पष्ट ठेवली की वस्तू कापून चिकटवल्यासारखी दिसते. तुमचेच शब्द आहेत. बरणीची सावलीकडची कड आणि मागची अंधारी भिंत एकाच टोनची असेल, तर ती कड पुसून टाका. खरंच पुसा, ओल्या ब्रशने. बघणाऱ्याचा डोळा ती आपण होऊन पुरी करतो. आणि जिथे नजर यावीशी वाटते, समजा बरणीच्या तोंडाशी, तिथे सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ टोन अगदी खेटून ठेवा.

चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र तुम्ही कुठे ना कुठे छापलेलं पाहिलं असेलच. त्यात दिव्याचा उजेड चेहऱ्यावर आणि बोटांवर पडलेला आहे. पुन्हा बघा, पण या वेळी उजेडाकडे बघू नका. काळोखाला किती जागा दिली आहे ते मोजा. जलरंगात कागदापेक्षा उजळ काही मिळत नाही, म्हणून झळाळी वाढवायचा एकच मार्ग उरतो : आजूबाजूचं सगळं खाली उतरवणं. झगझगीत पिवळ्याचे थर चढवून तो दिवा लागला नसता.

‘आधी टोन, मग रंग’ असं मी इतक्या ठामपणे म्हणते आहे, तर त्याला छेद देणारं एक चित्रही माझ्याकडूनच ऐका. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७२ मध्ये बंदरावरची धुक्यातली सकाळ रंगवली. ‘इम्प्रेशनिझम’ या चित्रचळवळीचं नाव पुढे त्याच चित्राच्या शीर्षकावरून पडलं. त्यातला नारिंगी सूर्य कृष्णधवल फोटोत जवळजवळ नाहीसा होतो. त्याचा टोन आजूबाजूच्या करड्या आभाळाएवढाच आहे. तो वेगळा दिसतो केवळ छटेमुळे. म्हणून तो किंचित थरथरतो, जागेवर ठरत नाही. हे नियम मोडणं नाही म्हणता येणार, पण बरणीच्या बाबतीत अपघाताने जे तुमचं होतंय, ते तिथे सूर्यासाठी कामाला आलं आहे. फरक एवढाच की बाकीच्या चित्रात टोन कुठे जुळवायचे आणि कुठे तोडायचे, यावर मोनेचा ताबा होता.

राहिला उपजत नजरेचा प्रश्न. शिकवणाऱ्यांनी ते वाक्य कुठल्या मनःस्थितीत उच्चारलं, मला माहीत नाही. माझ्या अनुभवात हे वाक्य बहुतेक वेळा समजावून सांगायचा कंटाळा आल्यावर येतं. रंगांधळेपणा ही खरी शारीरिक गोष्ट आहे. शंका असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साधी चाचणी होते, ती करून घ्या म्हणजे तो किडा तरी डोक्यातून जाईल. आणि समजा तसं निघालंच, तरी शार्ल मेर्याँ या १९व्या शतकातल्या फ्रेंच कलावंताला रंग नीट ओळखता येत नव्हते; तो एचिंगकडे (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा कोरून चित्र छापण्याकडे) वळला आणि पॅरिसची त्याची काळी-पांढरी चित्रं आजही बघितली जातात. बाकी नजर म्हणजे तुलना करायची सवय. तुम्ही एक मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखत असाल. ते उपजत होतं का?

पेन्सिलीच्या वाटेबद्दल मला तुमच्याकडून प्रामाणिक उत्तर हवं आहे. पेन्सिल तुम्हाला खरोखर अधिक आवडते, की ती तुम्हाला लाज आणत नाही म्हणून बरी वाटते? आवडत असेल तर खुशाल जा. पेन्सिलीत टोन, कडा, रचना सगळं आहे आणि एक जन्म पुरत नाही. पण सात वेळा तीच बरणी रंगवणारा माणूस रंगाला कंटाळलेला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

वर्गाला जायचं असेल तर जरूर जा, ब्रश खाली न ठेवता. निवडताना एवढं पाहा की तिथे विद्यार्थ्यांच्या चित्रांवर बोललं जातं, की नुसती शिकवणाऱ्यांची प्रात्यक्षिकं होतात. दुसरा प्रकार बघायला छान असतो. घरी आल्यावर हाती काही उरत नाही.

मी तुमच्या जागी असते तर पुढचे तीनेक महिने असे काढले असते. ३६ पैकी चारच ट्यूब बाहेर : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एक पिवळा आणि पांढरा. पहिले दोन आठवडे चित्र काढायचंच नाही असं नाही, पण फक्त अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांतच काढायचं. हे दोन रंग मिसळले की जवळजवळ काळा होतो, आणि एकाचं प्रमाण वाढवलं की थंड राखाडी, दुसऱ्याचं वाढवलं की उबदार राखाडी. एवढ्यात बरणी, भिंत आणि उजेड सगळं मावतं. मग पिवळा आणा, नंतर एखाद्या महिन्याने किरमिजी. प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारा. आज फक्त टोन. चित्र कुरूप झालं तरी चालेल. उद्या फक्त उबदार-थंड. परवा फक्त कडा. सगळे प्रश्न एकाच चित्राला विचारायचे, आणि उत्तर आलं नाही की स्वतःला नापास करायचं, हेच तुम्ही सात वेळा केलंत. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे प्रश्न लिहून ठेवा, कुठली ट्यूब किती तेही. नोंदी ठेवायची तुम्हाला सवय आहे. ती इथे सोन्यासारखी कामाला येईल.

ॲक्रिलिकची एक खोड लक्षात असू द्या. ओला असताना त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ, दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळल्यावर गडद होतो. पॅलेटवर बरोबर जुळवलेला टोन कागदावर खाली उतरलेला दिसला तर गोंधळू नका. एका पट्टीवर ठिपका लावून तो वाळू द्या आणि मग ठरवा. जलरंगात काम करणाऱ्या वाचकांसाठी गणित उलटं आहे, तिथे रंग वाळून फिकट होतो, म्हणून धीर करून गडद लावावा लागतो. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्यांची ही कटकट वाचते, पण लाखो रंगांपैकी हवा तो उचलता येतो हाच त्यांचा ३६ ट्यूबांचा संच. त्यांनी सुरुवातीला पाच रंगांचा पॅलेट स्वतःवर लादून घ्यावा आणि कृष्णधवल थर एका बोटाच्या अंतरावर ठेवावा.

आणि पांढऱ्याबद्दल एक. उजळ करायचं म्हणून सगळीकडे टायटॅनियम पांढरा ओतू नका. त्याने रंग उजळतो, सोबत थंड आणि पिठूळही होतो. फडक्याच्या उजेडातल्या घडीला आधी पिवळा घालून बघा, मग पांढरा.

ती सात चित्रं फेकली नसतील अशी आशा आहे. सातवं काढा. बरणीला हात लावायचा नाही, फडक्यालाही नाही. मागच्या भिंतीचा फक्त डावा अर्धा भाग फिकट उबदार राखाडीने झाकून टाका, उजवा आहे तसा तपकिरी राहू द्या, आणि वाळू द्या. मग चार पावलं मागे जाऊन बरणीची डावी बाजू आणि उजवी बाजू आळीपाळीने बघा. त्या दोन निळ्यांना तुम्ही काय नावं द्याल, ते मला लिहून कळवा.